साइट उघडत नव्हती तो उन्हाळा

निकालांचे दिवस आले की आमच्या लायब्ररीत पुस्तकाला कुणी हात लावत नाही. अंबरनाथच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. लायब्ररीत पंखे बरे आहेत आणि खिडकीपाशी मोबाइलला रेंज चांगली येते, म्हणून मुलं तिथे घोळक्याने बसतात. अंगठ्याने पान खाली ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. सकाळपासून हेच चाललेलं असतं. "मॅम, सर्व्हर डाउन आहे." "मॅम, बघा ना, लॉगिनच घेत नाही." जसा काही सर्व्हर माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेला आहे.

परवा दुपारी एका मुलीचं पान एकदाचं उघडलं. निकाल दिसायच्या आधीच त्यावर एक चौकोन आला. पाच पिवळे चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि वर प्रश्न: आमचं संकेतस्थळ तुम्हाला कसं वाटलं? मुलीने पटकन हसऱ्या चेहऱ्यावर अंगठा दाबला आणि चौकोन घालवला.

मी विचारलं, "अगं, सकाळपासून कपाळाला हात लावून बसली होतीस ना? मग हसरा का दाबलास?"

"मॅम, तोच अंगठ्याजवळ होता."

बाकीची मुलं हसली. मलाही हसू यायला हरकत नव्हती. पण आला तो राग. जुना, ओळखीचा. अशा कुणीतरी घाईत दाबलेल्या चेहऱ्यांची कुठेतरी बेरीज होत असेल, त्याचा आलेख निघत असेल, आणि तो आलेख एखाद्या गार खोलीत बसलेल्या माणसांना दाखवून कुणी म्हणत असेल, लोक समाधानी आहेत. मला हे ठाऊक आहे, कारण एका उन्हाळ्यात ही बेरीज मी स्वतः केली आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायचो. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते. मी ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. करत होते आणि शेवटच्या वर्षाला प्रबंधिका लिहायची होती. आमच्या मार्गदर्शक सरांनी विषय दिला: विद्यापीठाच्या संकेतस्थळाबाबत वापरकर्त्यांचे समाधान. सर खुशीत होते. "नवा विषय आहे प्रज्ञा. पुस्तकांच्या देवघेवीवर सगळेच लिहितात. पुढे सगळं वेबसाइटवरच होणार आहे." ते चुकीचं बोलत नव्हते. सगळं वेबसाइटवरच झालं. तेच तर दुखणं आहे.

मी मन लावून प्रश्नावली तयार केली. मूळ इंग्रजीत होती, मी तिचं मराठी केलं. माहिती सहज सापडते का? पान लवकर उघडते का? रंगसंगती डोळ्यांना सुखद वाटते का? प्रत्येकापुढे पाच चौकटी. अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी. आईने तो कागद वाचला आणि म्हणाली, "एवढं तर लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मला कुणी विचारलं नाही."

त्या वर्षी आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं की वीज आली की लोक आधी पाण्याच्या पंपाकडे धावायचे आणि मग पंख्याखाली बसायचे. बदलापुरातलं सायबर कॅफे दिवसातून अर्धा वेळ अंधारात. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जायला लागले. तिथे हरेशभाईंचं कॅफे होतं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, आणि आजूबाजूच्या दोन-तीन कॉलेजांतली मुलं निकाल बघायला तिथेच यायची. एका बाजूला शिलाईचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पापड विकणारी बाई. मशिनींची घरघर, तळणाचा वास, उघड्या नाल्याचा वास आणि घामेजलेल्या पोरांच्या अंगावरची पावडर, हे सगळं मिळून जो वास होतो तो मला आजही संकेतस्थळ या शब्दाला येतो.

हरेशभाई पन्नाशीचे, सिंधी, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी माझा गठ्ठा बघितला. "साईं, ये सर्वे-बिर्वे करके क्या होगा? साइट खुलेगी क्या?"

"अहवाल विद्यापीठाला देणार आहोत. मग सुधारतील ते."

"अच्छा," ते म्हणाले, आणि दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: साइट बंद, बाद में आओ. त्या फळ्यावर त्या महिन्याभरात दुसरं काही लिहिलेलं फारसं आठवत नाही.

साइट उघडायची तीही कशी. आधी विद्यापीठाचं बोधचिन्ह वरून खाली, पदर सोडावा तसं सावकाश उतरायचं. मग डावीकडून उजवीकडे धावणारी लाल अक्षरं. 'नवीन' असं लिहिलेलं पिवळं चांदणं लुकलुकायचं आणि त्याच्याखाली दोन वर्षांपूर्वीची सूचना असायची. 'तक्रार' या शब्दावर टिचकी मारली की फावडं घेतलेल्या माणसाचं चित्र यायचं, काम चालू आहे. तो माणूस महिनाभर खणत होता. आणि अगदी तळाशी एक आकडा, किती जणांनी आजवर भेट दिली त्याचा. पान अर्ध्यात अडकलं की पोरं वैतागून पुन्हा तेच उघडायची आणि आकडा एकाने वाढायचा. मी हे स्वतः बघितलं. पुढे सरांनी त्याच आकड्याकडे बोट दाखवून मला सांगितलं, "बघ, लोकप्रियता. हे प्रस्तावनेत घे."

प्रश्नावली भरून घ्यायला अडचण आली नाही, अडचण उत्तरांची होती. पास झालेली मुलं सगळीकडे 'अत्यंत समाधानी' करून टाकायची. "एकदम झकास साइट आहे ताई, फर्स्ट क्लास आला ना." नापास झालेली मुलं पेनाने कागद फाटेस्तोवर शेवटच्या चौकटीत फुल्या मारायची. कॉम्प्युटर तोच, पान तेच, वाट बघायला लागली तीही सारखीच. अंबरनाथहून आलेल्या एका मुलाने दबक्या आवाजात विचारलं, "ताई, चांगलं लिहिलं तर ग्रेसचे मार्क मिळतात का?" मी नाही म्हटलं तरी त्याने चांगलंच लिहिलं. कोण जाणे, उगाच कशाला, हा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. आणि ज्यांच्यासाठी पानच उघडलं नाही ती मुलं फळा वाचून निघून जायची. त्यांच्या मागे रस्त्यावर धावत जाऊन मी कागद पुढे करायचे. "साइट बघितलीच नाही तर काय सांगू? दिमाग मत खा यार," एकजण म्हणाला. त्याचं बरोबर होतं. माझ्या पाच चौकटींत त्याच्यासाठी एकही नव्हती.

रंजनावहिनी आल्या त्या असल्याच एका घामट दुपारी.

त्यांचे यजमान शांतारामदादा बाबांच्या कंपनीत कामाला. घर बदलापूर गावात, थोडी शेती, अंगणात जांभळीचं मोठं झाड. वहिनी गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या. लग्न बारावी झाल्या झाल्या झालं. मग दोन मुलं, सासू-सासरे, भात-लावणी, अंगणवाडीची खिचडी आणि पोरांची वजनं, या सगळ्यातून त्या बाहेरून बी.ए. करत होत्या. इंग्रजी त्यांना दोनदा नडलं होतं. मीच त्यांना शिकवायला जायचे. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी सेविकांमधून निवड होणार होती आणि त्याला पदवी लागत होती. त्यांच्या वयाच्या बाईला अशी संधी पुन्हा येईल याची खात्री नव्हती. अर्ज गेला होता, निकालाची प्रत तेवढी जोडायची राहिली होती.

वहिनींनी येताना डब्यात जांभळं आणली होती. त्या टोकाच्या खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि परीक्षा क्रमांक माझ्याकडे दिला. "तूच टाक गं."

मी टाकला. बोधचिन्ह उतरलं. लाल अक्षरं धावली. मग गुण आले. इंग्रजी पास. मी त्यांचा हात दाबला. खाली बघत गेले तर समाजशास्त्राच्या एका पेपरपुढे गुणांच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं होती. गैरहजर. आणि सगळ्यात खाली, नापास.

"म्हणजे काय?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे या पेपराला तुम्ही बसलाच नाहीत असं म्हणतायत."

"आरं देवा, बसले नाय कशी? मीनाला ताप नव्हता का आला? तुमच्याकडेच टाकून गेलते ना तिला."

खरंच होतं. त्या दिवशी त्यांची मीना आमच्या घरी आईच्या मांडीवर झोपली होती. आई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि वहिनी परीक्षा केंद्रावर तीन तास पेपर लिहीत होत्या. परत आल्या तेव्हा बोटांना शाई होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पडद्यावर गैरहजर असं होतं आणि पडदा काही ऐकत नाही.

आम्ही पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. हरेशभाई मागे येऊन उभे राहिले. "मशिन चेंज करो," ते म्हणाले, आणि स्वतःच दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्रमांक टाकला. तिथेही वहिनी गैरहजर होत्या. मग वीज गेली, इन्व्हर्टर किंचाळायला लागला आणि हरेशभाईंनी बाकीच्या पोरांना उठवलं, पण आमची मशिन चालू ठेवली.

बाहेर पडताना वहिनींची नजर माझ्या गठ्ठ्यावर गेली. "हे तुझं काम का? दे, मी पण भरते."

"आज नको वहिनी."

"दे गं. तेवढीच तुला मदत."

त्यांनी भरलं. मी कागद हातात घेतला आणि चाटच पडले. सगळीकडे 'समाधानी'. मी म्हटलं, "वहिनी, खरं लिहा ना. एवढा घोळ करून ठेवलाय त्यांनी."

"खरंच लिवलंय. आधी काय व्हायचं तुला ठाव नाय. अख्खा दिवस मोडून मुंबईला जायचं, खिडकीवर उभं राहायचं, आणि तो माणूस सांगायचा उद्या या. इथं नंबर टाकला, दिसलं तरी. तोंडावर दार नाय लावलं कोणी."

त्या उत्तराने मी जेवढी चिडले तेवढी पडद्यावरच्या त्या दोन अक्षरांनीही चिडले नव्हते. माणसाला आयुष्यभर इतकं कमी द्यायचं, की त्याच्यावर झालेला अन्याय नीट, वेळेवर पडद्यावर दिसला तरी त्याला ती सोय वाटावी. आणि मग त्यालाच विचारायचं, समाधानी आहात का. तो कागद मी इतर कागदांत ठेवला खरा, पण रात्री बेरीज करताना त्या फुल्यांवरून माझं पेन पुढे जाईना.

मग सुरू झाले हेलपाटे. साइटवर दिलेला फोन सदा एंगेज. साइटवर दिलेल्या पत्त्यावर ई-मेल केला तर तो तसाच परत आला. शेवटी आम्ही दोघी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलो. खिडकीआडच्या गृहस्थांनी हॉलतिकीट बघितलं. त्या पेपरपुढे केंद्रावरच्या पर्यवेक्षकांची सही होती. ती त्यांना दाखवली.

"बाई, साइटवर जे दिसतं तेच आमच्याकडे दिसतं."

मी म्हटलं, "पण ते चुकीचं आहे. साइटवर लिहिलंय, शंका असल्यास कार्यालयात भेटा."

"मग भेटलात ना?"

"भेटलो. आता काय करायचं?"

"दुरुस्ती झाली की साइटवर येईल. साइट बघत राहा."

"पण दुरुस्ती कोण करणार?"

"अर्ज ठेवून जा." त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मला त्यांच्या टेबलावर हात आपटावासा वाटला. वहिनींनी माझं मनगट धरलं. जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "चिडू नको. चिडलेल्या बाईचा अर्ज खाली ठेवतात."

त्यानंतर आम्ही खरोखर साइट बघत राहिलो. सांगितलंच होतं ना तसं. अंगणवाडी सुटली की वहिनी कॅम्प चारमध्ये यायच्या, मी तिथे असायचेच. क्रमांक टाकायचा, गैरहजर वाचायचं, पान बंद करायचं. हरेशभाई आता काही विचारत नसत. आम्ही दिसलो की टोकाच्या खुर्चीवरच्या पोराला म्हणत, "चल उठ, अदी को बैठने दे." सिंधीत अदी म्हणजे बहीण. वहिनींना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं आदी, म्हणजे आधी या बाईचा नंबर. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांना कुठेतरी पहिला नंबर मिळत होता, मिळू दे म्हटलं.

अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात कागद द्यायचा शेवटचा दिवस आला. आदल्या दिवशी आम्ही गुणांच्या पानाची छापील प्रत काढली. पर्यवेक्षकांची सही असलेलं हॉलतिकीट, विद्यापीठाला केलेल्या अर्जाची पोच, सगळं टाचणी लावून वहिनी गेल्या. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, हे वहिनीच सांगतात. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "मला पटतंय हो तुमचं. पण या कागदावर तुम्ही नापास आहात. मी वर काय दाखवू?"

त्या संध्याकाळी मी बदलापूर गावात त्यांच्या घरी गेले. जांभळाचा सडा पडलेला, अंगण जांभळंनिळं झालेलं, माशा घोंघावत होत्या. एरवी वहिनी अंगणात पान पडू द्यायच्या नाहीत. शांतारामदादा ओट्यावर बसले होते. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या, आणि थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं." भाकरी तव्यावर पडली. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "प्रज्ञा, तुझा तो कागद मला परत दे."

"कुठला?"

"मी समाधानी म्हणून लिवलेला. मला बदलायचाय तो."

मी दुसऱ्या दिवशी कोरी प्रश्नावली नेली. वहिनी अंगणवाडीतल्या बाकड्यावर बसल्या. भोवती पोरं खिचडीची ताटं वाजवत होती. त्यांनी पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, सगळे वाचले. माझ्याच मराठीत लिहिलेले प्रश्न. "रंग डोळ्यांना बरा वाटतो का," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि थांबल्या. "बरा वाटतो की. निळा हाय. मग मला जे झालं ते यात कुठं लिवायचं?"

मी शेवटची ओळ दाखवली, इतर सूचना. पुढे बोटभर जागा. त्या जागेत त्यांनी लिहायला सुरुवात केली. जागा संपली, त्यांनी कागद उलटला. मी उन्हात अंगणवाडीच्या पायरीवर बसून राहिले. मला स्वतःची नव्हे, त्या प्रश्नावलीची लाज वाटत होती. एवढे प्रश्न विचारूनही त्यात माणसाला बोलायला बोटभर जागा होती.

त्यांनी लिहिलं होतं: मी पेपराला हजर होते. साइट म्हणते नव्हते. साइटला कोणी विचारत नाही, मला सगळे विचारतात.

पुढे बरंच होतं. पण ही तीन वाक्यं मला तोंडपाठ आहेत.

सरांनी तो कागद वाचला. ते दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे आमच्यासारख्या पंधरा-वीस मुलांचं काम होतं आणि घरी आजारी वडील. त्यांनी चष्मा काढला. "वाईट झालं. पण प्रज्ञा, हा एक कागद आहे. सरासरीला याने काही फरक पडत नाही."

"सर, आणि जी मुलं फळा वाचून परत गेली ती?"

"त्यांनी साइट वापरली का?"

"उघडलीच नाही."

"मग ते वापरकर्ते नाहीत. आपला विषय वापरकर्त्यांचं समाधान आहे."

दारातून हाकललेल्या माणसाला पाहुणा धरायचं नाही आणि आत बसलेल्यांना विचारून पाहुणचार कसा होता ते ठरवायचं. मी हे सरांना म्हटलं. ते म्हणाले, "हे ललित झालं. प्रबंधिकेत चालत नाही."

मी हट्टाला पेटले. शेवटी एक परिशिष्ट जोडलं. त्यात ज्यांना पान उघडता आलं नाही त्यांच्याबद्दल जे मी बघितलं ते लिहिलं आणि वहिनींचा मजकूर जसाच्या तसा दिला, त्यांचं नाव न घालता. सर सही करायला आठवडाभर तयार नव्हते. बाइंडिंगवाला रोज विचारायचा. बाबा म्हणाले, "वर्ष फुकट घालवू नकोस पोरी." पण रात्री जेवताना त्यांनीच आईला सांगितलं, "शांताराम कंपनीत हल्ली बोलत नाही कुणाशी. लिहू दे तिला." अखेर सरांनी सही केली. "तुमची मर्जी. मार्क कमी पडले तर माझ्याकडे यायचं नाही."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई पानं चाळत होत्या. "निष्कर्ष एका वाक्यात सांगा."

मी म्हणाले, "ज्यांची साइट उघडली आणि निकाल चांगला लागला, ते समाधानी आहेत."

सर खोकले. बाई किंचित हसल्या, की मला तसं वाटलं, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. परिशिष्टाबद्दल त्यांनी काहीही विचारलं नाही. मार्क कमी पडले. प्रबंधिका विभागाच्या कपाटात गेली. अहवाल विद्यापीठाला पाठवायचा होता, तो गेला की नाही हे मला कुणी सांगू शकलं नाही. पुढे काही वर्षांनी कामानिमित्त तिथे गेले तेव्हा मी ते कपाट उघडायला लावलं. प्रबंधिका होती. पुठ्ठा कडक होता, पानं एकमेकांना चिकटलेली. पहिल्यांदाच उघडली असावी.

वहिनींचा निकाल बदलला तो दिवाळीच्या सुमाराला. पत्र नाही, फोन नाही, चूक झाली असं एक अक्षर नाही. आम्ही सवयीने क्रमांक टाकला आणि गैरहजरच्या जागी गुण होते. चांगले गुण होते. खाली, उत्तीर्ण. हरेशभाईंनी टाळी वाजवली. "मुबारक हो अदी! मिठाई खिलाओ."

वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस मी कुठं होते म्हणायची?"

तोवर पर्यवेक्षिकेची जागा भरली होती. नंतरची निवड फार वर्षांनी निघाली आणि तेव्हा वहिनी वयात बसल्या नाहीत. त्या सेविका म्हणूनच निवृत्त झाल्या. मी हे सांगते तेव्हा ऐकणारे म्हणतात, पण पदवी तर मिळाली ना? मिळाली. असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. नुसती चिडते.

पदवीचं प्रमाणपत्र आणायला आम्ही दोघी पुन्हा त्या परीक्षा विभागात गेलो होतो. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती, मोरपंखी. प्रमाणपत्र मिळालं, त्यांनी ते उघडून नाव वाचलं, पिशवीत नीट ठेवलं. मला वाटलं आता कुठेतरी बसून चहा घेऊ. आम्ही निघालो तर शेजारच्या खिडकीवर एक मुलगी उभी होती. विटका पंजाबी ड्रेस, डोळे सुजलेले. आतून आवाज आला, "साइटवर बघा." ती म्हणत होती, "सर, साइटवर माझा नंबरच नाही." आतून पुन्हा, "मग नंतर बघा." मुलगी मागे सरकली.

वहिनी थांबल्या. "चला ना," मी म्हणाले. मला त्या इमारतीत एक मिनिटही राहायचं नव्हतं.

त्यांनी ऐकलं नाही. वहिनी त्या मुलीजवळ गेल्या, तिचं नाव विचारलं, गाव विचारलं. मग तिला खांद्याला धरून पुन्हा खिडकीपुढे उभी केली, स्वतःचं कोपर खिडकीच्या फळीवर टेकवलं आणि आत वाकून म्हणाल्या, "साइट नका बघू साहेब. ही उभी हाय इथं. हिच्याकडं बघा."

"तुम्ही कोण हिच्या?"

"कोणी नाय."

"मग बाजूला व्हा बाई. जेवणाची सुट्टी झाली." खिडकीचं फळकूट धाडकन खाली आलं. मागची रांग कुरकुरत पांगली. मुलगीही निघाली होती. वहिनींनी तिचा हात सोडला नाही.

"उभी राहा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू पण."

आम्ही तिघी त्या बंद फळकुटासमोर उभ्या राहिलो. माझे पाय दुखत होते, डोकं भणभणत होतं, आणि वहिनींनी प्रमाणपत्राची पिशवी काखेत घट्ट धरली होती. मधे एक शिपाई येऊन सांगून गेला, इथे उभं राहून उपयोग नाही. आम्ही हललो नाही. सुट्टी संपून फळकूट वर गेलं तेव्हा खिडकीपुढे आम्हीच पहिल्या होतो.